वयनीची फ्रेंच गारी

वळायचं होतं उजवीकडे आणि सुरू झाले वायपर. डिसेंबरातली कोरडी सकाळ, काचेवर पाण्याचा थेंब नाही, आणि घणसोली गावाच्या तोंडाशी ती लांबलचक गाडी काच पुसत उभी. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात काही उचलला नाही. संध्याने घाईघाईने स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा दांडा ओढला, तेव्हा कुठे उजवीकडचा दिवा लुकलुकायला लागला. फ्रेंच माणसाने आपल्या सगळ्या गाड्यांच्या उलट, दिवा डावीकडे आणि वायपर उजवीकडे देऊन ठेवला होता.

“वयनी, पाऊस कुठं हाय?” किराणा दुकानासमोरून बंडू ओरडला आणि दुकानापुढची पाच-सहा माणसं पोट धरून हसली.

बंडू म्हणजे संध्याचा धाकटा दीर. रेती-सिमेंटचा धंदा, गळ्यात साखळी, आणि बुडाखाली उंच पांढरी गाडी. ज्याच्या दारात उंच पांढरी गाडी नाही त्याला लग्नात पुढची खुर्ची मिळत नाही, असं गावात कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पाठ सगळ्यांनाच आहे. आणि इथे त्याच्या सख्ख्या वहिनीने आणली होती पिकल्या रातांब्याच्या रंगाची, बुटकी, दहा वर्षं वापरलेली गाडी. तीही अशा फ्रेंच कंपनीची, की जिचं हे मॉडेल बंद होऊन कैक वर्षं झाली होती.

संध्या एक्कावन्न वर्षांची. तळोज्याच्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत चोवीस वर्षं नोकरी. गोळी बाजारात जाण्याआधी तिच्यात जे असायला हवं ते आहे ना, एवढंच तपासायचं काम. नवरा पंढरी सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरात ती आणि सासू मालतीबाई, आणि भिंतीला भिंत लावून बंडूचं बिऱ्हाड. दिवाळीनंतर कंपनीने गावाकडची बस बंद केली आणि रोज तळोज्याला जायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला.

बंडूने उत्तर तयारच ठेवलं होतं. “नवी बारकी घे. मायलेज देतं, पार्ट कुठं पन भेटतान.” सल्ला सोन्यासारखा होता. संध्या तशी गाडी बघायला शोरूममध्ये गेलीही होती. गाडी उपयोगी होती. पण तिथून निघताना तिच्या मनात आलं, आपल्या घरात उपयोगी नाही असं आहे काय? कपाट उपयोगी, मिक्सर उपयोगी, पिंपं उपयोगी. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती स्वतःही उपयोगीच. नुसती देखणी म्हणून एखादी वस्तू आपण कधी घेतली, हे तिला आठवेना, आणि ते आठवेना याचं तिला फार वाईट वाटलं.

मग नेरूळच्या एका सोसायटीत, स्वानंद नावाच्या आर्किटेक्टकडे, तिने ही बघितली. दाराचं हँडल धरलं तर दार जड, पण लोण्यासारखं उघडलं. पाठीमागून गाडीची रेघ छपरावरून उतरत अशी खाली आली होती, की तिथून हात फिरवावासा वाटे. तिने फिरवलाही.

“खरं सांगतो मॅडम,” स्वानंद म्हणाला, “माझा जीव आहे हिच्यात. पण मी चाललो परदेशात. हिला रोज चालवायचं असेल तर लाड करावे लागतील. पार्ट मागवावा लागतो, चटकन मिळत नाही.”

“बिघडल्यावर पार्ट लागतो,” संध्या म्हणाली. “बिघडायच्या आधी तपासलं तर?”

स्वानंद बघतच राहिला. असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं.

तर आता ती गाडी दारात उभी होती आणि अर्धी आळी भोवती जमली होती. मालतीबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

“आये, जुन्या गारीला नारल कशाला फोरतंस?” बंडू म्हणाला.

“माज्या घरान नवीनच हाय,” मालतीबाईंनी सांगितलं आणि नारळ एका फटक्यात फोडला. मग त्यांनी पुढचं दार उघडायला लावलं. पंच्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. बंडूच्या गाडीत बसायचं तर खाली प्लास्टिकचं स्टूल ठेवून दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर चढवावं लागे, आणि गावजेवणाला जाताना चारचौघांत ते होई तेव्हा म्हातारी डोळे मिटून घेई. इथे त्या आधी सीटवर टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. आणि मग त्या उतरायला तयार होईनात.

बंडूला ते झोंबलं असावं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, “वयनी, घेतलीस ती घेतलीस. पन ही रस्त्यान बंद परल, तवा कोन येनार? मीच ना? मंग आयक. ज्या दिशी मना फोन केलास, त्या दिशी गारी मी विकनार. कबूल?”

संध्याचे कान तापले. चोवीस वर्षं प्रयोगशाळेत तोलूनमापून बोलणारी बाई, पण त्या क्षणी तोलमाप विसरली. “कबूल,” ती म्हणाली.

बंडू वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. पंढरी गेला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर हाच सगळ्यांत जास्त रडला होता. पण त्या दिवसापासून दोन्ही घरांचा कर्ता आपण, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की वहिनीने त्याला न विचारता घेतलेला निर्णय त्याला आपला पराभव वाटे.

शब्द दिल्यावर संध्याने गाडीला प्रयोगशाळेचा कायदा लावला. तिच्याकडे प्रत्येक यंत्रावर चिकटपट्टी असे, शेवटची तपासणी कधी आणि पुढची कधी. तशाच पिवळ्या पट्ट्या तिने बॅटरीवर, कूलंटच्या डब्यावर, ब्रेक ऑइलच्या बाटलीवर चिकटवल्या. तळोज्यात जयप्रकाश नावाचा मेकॅनिक सापडला. त्याने अशा गाड्यांवर हात काळे केले होते. दर दुसऱ्या शनिवारी संध्या त्याच्या गॅरेजात उभी.

“मॅडम, तुमी खुर्चीवर बसा ना. चहा मागवतो.”

“चहा नको. हा पाइप कुठून कुठे जातो ते सांगा.”

पहिल्यांदा तो वैतागला. तिसऱ्या खेपेला त्याने तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. पाचव्या खेपेला बॉनेट तीच उघडायला लागली.

आणि गाडी चालली. रोज सकाळी महापे, शिळफाटा, तळोजा, आणि संध्याकाळी परत. कंटेनरांच्या रांगेत ती रातांबी गाडी अशी डौलात जाई की सिग्नलला शेजारचे काच खाली करून विचारत, “कंची हाय ही?” कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन साहेबांच्या गाड्यांना ठोकायचा तसा सलाम तिला ठोकायला लागला. आधी चुकून, मग सवयीने. संध्याला त्याची मनापासून मजा वाटे. पाच महिने झाले, गाडी एकदाही थांबली नाही. बंडू रोज दारात उभा राहून ती येताना बघे आणि आत जाई.

मे महिन्यात उरणजवळ मोऱ्याला मालतीबाईंच्या बहिणीच्या नातवाची हळद होती. बंडू बायकापोरांना घेऊन मागाहून निघणार होता. मालतीबाईंनी सकाळीच जाहीर केलं, “मी संध्याच्या गारीन जानार.” नवं लुगडं नेसून त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि उलव्यापर्यंत गाडीचा थंडगार वारा खात सगळ्या पाहुण्यांची उणीदुणी काढत आल्या.

जासईच्या अलीकडे तापमानाच्या काट्याने उडी मारली. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. संध्याने एक सेकंदही न घालवता गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बॉनेट उघडलं तर आतून वाफ.

“काय झाला?” मालतीबाईंनी विचारलं.

“तापली, आये. गार होऊ दे.”

दुपारचे साडेबारा. डोक्यावर ऊन, बाजूने धडाधडा जाणारे ट्रेलर, झाडाचं नाव नाही. मालतीबाईंना तिने गाडीच्या आडोशाला, सतरंजीची घडी घालून बसवलं. पाण्याची बाटली दिली. म्हातारीच्या कपाळावरून घाम वाहत होता. संध्याने पर्समधून फोन काढला. बंडूचं नाव पहिलंच होतं.

ती त्या नावाकडे बघत उभी राहिली. गाडी गेली तर गेली, पण या म्हातारीला उन्हात किती वेळ बसवायचं? आपल्या हौसेपायी सासूला काही झालं तर तोंड कुठे दाखवायचं? तिचा अंगठा नावावर टेकलाच होता.

“कोनाला लावतंस?” मालतीबाईंनी खालूनच विचारलं.

“भावजींना. तुम्हाला ऊन लागल.”

“मी मिठागरान काम केलंय गो,” म्हातारी म्हणाली. “चाळीस वर्सा. ह्या उनाची मना काय भीती सांगतंस? ठेव तो फोन. तुजा काम कर.”

संध्याने फोन ठेवला आणि पदर खोचला.

अर्धा तास तिने गाडीला हात लावला नाही. गरम झाकण उघडायचं नाही, एवढं जयप्रकाशने तिच्याकडून वदवून घेतलं होतं. मग तिने प्रयोगशाळेतलीच युक्ती काढली. तिथल्या यंत्रात बारीक गळती असली की डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळतात. जो कागद भिजतो, तिथे दुखणं. तिने कागदाच्या पट्ट्या फाडल्या आणि पाइपाच्या एकेका जोडावर गुंडाळून दाबल्या. पहिली कोरडी. दुसरी कोरडी. तिसरी, खालच्या बाजूची, बघता बघता गुलाबी झाली. कूलंटचा रंग.

“सापडली!” ती मोठ्याने ओरडली. शेजारून जाणाऱ्या ट्रेलरवाल्याने वळून बघितलं.

पाइपावरची पत्र्याची क्लिप सैल झाली होती, बाकी काही नाही. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि स्क्रू-ड्रायव्हरने ती आवळली, मनगट दुखेपर्यंत आवळली. डिकीतला कूलंटचा डबा आणून रिकामी जागा भरली. सांध्याला नवा कागद गुंडाळून गाडी चालू केली. दहा मिनिटं. काटा मध्यावर. कागद कोरडा.

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. तिने बॉनेट खाली घेतलं. तेवढ्यात उंच पांढरी गाडी मागे येऊन थांबली आणि बंडू धावत आला.

“काय झाला? आये खाली कशी बसलीस?”

मालतीबाईंनी सुनेकडे पाहिलं न पाहिलं आणि म्हणाल्या, “काय व्हायचाय? मीच थांबवली. गारीन बसून पाय आकरलं माजं.”

म्हातारी इतक्या सराईतपणे खोटं बोलली की क्षणभर संध्यालाही पटलं. बंडूने मान डोलावली. इथेच गप्प राहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण कोरडा कागद हातात असताना खोटं कशाला? चोवीस वर्षांत जे दिसलं नाही ते तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि जे दिसलं ते लपवलं नव्हतं.

“नाय भावजी,” ती म्हणाली. “गाडी बंद पडली होती. पाइप सैल होता. तासभर उभे हाव आम्ही.”

बंडूचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. त्याने खिशातून फोन काढून बघितला.

“मंग फोन का नाय केलास?”

“गरजच नाय पडली.”

तिने हे टोचून म्हटलं नाही. जसं होतं तसं सांगितलं. बंडूने तिच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, हळदीसाठी नेसलेल्या पिवळ्या साडीवरच्या डागांकडे पाहिलं. मग त्याने स्वतःच बॉनेट उघडलं, आत वाकून त्या पिवळ्या पट्ट्या वाचल्या, एकेक, ओठ हलवत. शेवटी क्लिपवर बोट ठेवून ती हलते का पाहिलं. हलली नाही.

“चांगली आवललीस,” तो म्हणाला. बंडूच्या तोंडून वहिनीला मिळालेली ती पहिली शाबासकी. “आये, चल, माज्या गारीन बस. एसी चालू हाय.”

“तिचा पन चालू हाय,” मालतीबाई म्हणाल्या. दाराला धरून उठल्या, टेकल्या, एकेक पाय आत घेतला आणि दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

मोऱ्याची गल्ली अरुंद. मांडवापाशी टेम्पो, रिक्षा, बँडवाले, सगळ्यांची एकच खिचडी. मांडवाला लागून एवढीशी जागा मोकळी होती. पाहुण्यांच्या नजरा गाडीवर खिळल्या आणि संध्याला घाम फुटला. गाडी लांब, जागा तोकडी, आणि मागून एक टेम्पोवाला हॉर्न मारत घुसत होता.

बंडूने आपली पांढरी गाडी लांब नाक्यावरच सोडली होती. तो चालत पुढे आला, गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि टेम्पोसमोर हात आडवा केला.

“थांब रं! दिसत नाय? आमची गारी लागतं.”

मग वळून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, तो वहिनीला मागे घ्यायला सांगू लागला, “येऊ दे वयनी, येऊ दे... येऊ दे...”

काळ्या हातांनी स्टिअरिंग धरून संध्या सावकाश मागे येत राहिली.