पहिल्या खेपेत पास

धाकटीच्या बोटीला पहिल्याच खेपेत हिरवा स्टिकर मिळाला, ही बातमी खुद्द धाकटीने सांगितली असती तर थोरलीने ती एक वेळ गिळली असती. पण ती सांगितली नवऱ्याने. तीही दाढी करता करता, आरशात बघत, भाजीवाला येऊन गेला म्हणून सांगावं तशी.

"अगं, त्यांची बोट पास झाली म्हणे. एकसुद्धा खोट निघाली नाही."

"तपासली कोणी?"

"पोस्टमननी. तुला कुठे तपासता येणार? नात्यातली पडली ना."

थोरलीने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. दुपारी जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

तळ्यावर हौसेने बोटी ठेवणारी माणसं पुष्कळ होती, आणि त्यांच्यासाठी ही स्वखुशीची सुरक्षा तपासणी होती. सक्ती नाही, दंड नाही, कुणाकडे चुगली जाणं नाही. तपासणारेही हौशी, बिनपगारी. मालकाने बोलावलं की यादी घेऊन जायचं. माणसागणिक लाइफ जॅकेट आहे का, आग विझवायच्या नळकांड्याची तारीख उलटली आहे का, भोंगा वाजतो का, दिवे लागतात का, इंजिनाच्या खणात हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या जाळ्या मोकळ्या आहेत का. सगळं ठीक असेल तर पुढच्या काचेवर हिरवा स्टिकर. नसेल तर काय कमी आहे ते कागदावर लिहायचं, कागद मालकाच्या हातात द्यायचा आणि विसरून जायचं. नियम दोनच, पण कडक. बोलावल्याशिवाय कुणाच्या बोटीत हात घालायचा नाही, आणि नात्यातल्याची बोट तपासायची नाही.

थोरली आठ वर्षं हे काम करत होती. एरवी ती एका कॉलेजच्या रसायनशाळेत मदतनीस होती. बाटल्यांची बुचं काढण्यात आणि काय सांडलंय ते वासावरून ओळखण्यात सव्वीस वर्षं गेली होती. बाईंचं नाक कॉलेजच्या मालकीचं आहे, निवृत्त होताना जमा करावं लागणार, असं पोरं म्हणायची. पोस्टमन हा दुसरा तपासनीस. टपालखात्यातून निवृत्त झालेला, गोड बोलणारा, पण हाताखालून काही सुटू न देणारा. थोरलीच्या स्वतःच्या पत्र्याच्या होडीला त्यानेच दोनदा नापास केलं होतं, एकदा भोंग्यावरून आणि एकदा दोरावरून. तिसऱ्या खेपेला कुठे स्टिकर मिळाला. आठ वर्षं दुसऱ्यांच्या होड्या तपासणाऱ्या बाईला तीन खेपा. आणि धाकटी, जिला बोटीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं, ती एका फटक्यात पास.

हे काही नवीन नव्हतं. थोरलीने घासून घासून मिळवायचं आणि धाकटीने नुसता हात पुढे करायचा, हा लहानपणापासूनचा रिवाज. गाडीचं लायसन्स, नोकरी, कुरळे केस, सगळं असंच. सूड म्हणून नव्हे पण सवय म्हणून म्हणा, धाकटीच्या प्रत्येक नव्या वस्तूत थोरलीला काहीतरी दिसायचं. पडद्याची शिवण तिरकी, नळ ठिबकतोय, कपाटाचं दार खाली घासतंय. दिसायचं ते खरं असायचं, वाईट एवढंच की ते सांगताना तिचा चेहरा उजळायचा. धाकटीच्या घरात नवीन काही आलं की तिचा नवरा पहिलं हेच विचारी, "ताईंनी पास केलं का?"

रविवारी सकाळी धाकटीने दोघांना फेरीला बोलावलं. "चहा बोटीवरच करू," ती फोनवर म्हणाली. बोटीवर शेगडीसुद्धा आहे, हे थोरलीला त्यातून बरोबर कळलं.

बोट पांढरी, देखणी. आत चार माणसं बसतील एवढी खोली, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, बाकांवर मोहरीच्या रंगाच्या उशा आणि त्यांना निळी गोट. उशा धाकटीने स्वतः शिवल्या होत्या. धाकटी डबे काढायला वळली तशी थोरलीने एक उशी उलटी करून बघितली. टाका एकसारखा, कुठे चुकलेला नाही. तिने उशी जागेवर ठेवली आणि वरून थोपटली, उशीची समजूत घालावी तशी.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर धाकटीच्या नवऱ्याने इंजिन बंद केलं. दोघे पुरुष पुढे उघड्यावर जाऊन बसले. धाकटीच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि तो थोरलीच्या नवऱ्याला पलीकडच्या काठावरच्या पाट्या वाचायला लावत होता. आत दोघी बहिणी. खोलीभर लिंबाचा वास. भिंतीवर सुवासाची डबी चिकटवली होती.

आणि लिंबाच्या खाली दुसरा वास होता.

थोरलीने श्वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला. पेट्रोल. की आपल्याला ते पेट्रोल असायला हवंय? रसायनशाळेत असा वास आला असता तर ती एका दमात म्हणाली असती, सगळे बाहेर व्हा, बटणांना हात लावू नका. तिथे तिच्या नाकावर कुणाचा संशय नव्हता. इथे तर तिचा स्वतःचाच होता. स्टिकरची बातमी आल्यापासून आठ दिवस ती मनातल्या मनात ही बोट नापास करत होती. एकदा जॅकेटवरून, एकदा दिव्यांवरून. आता वासावरून.

"लिंबाचा वास बराच आहे गं," ती म्हणाली.

"आधी पेट्रोलचा यायचा. मला मळमळायचं. मग ह्यांनी ती डबी आणली."

"कधीपासून यायचा?"

"टाकी पहिल्यांदा भरली ना, तेव्हापासून."

"तपासणीच्या आधी की नंतर?"

धाकटीने वळून बघितलं. "नंतर. तेव्हा टाकी रिकामी होती. पोस्टमनकाकांनी अगदी वाकून वाकून बघितलं सगळं, तू काळजी करू नकोस."

म्हणजे त्याची चूक नाही. गळती त्या दिवशी नव्हतीच. स्टिकर हा त्या दिवसापुरता असतो हे थोरली आठ वर्षं मालकांना सांगत आली होती, आणि मालक आठ वर्षं मान हलवत आले होते. तिने बाकाच्या मागे, खाली, इंजिनाच्या खणाकडे बघितलं. तिथे हवेची जाळी असायला हवी होती. होती ती एक चौकोनी उशी, मोहरीच्या रंगाची, गच्च बसवलेली.

"तिथे जाळी होती ना?"

"तिथून वारा यायचा. शेगडी सारखी विझायची. म्हणून परवा खास मापाची शिवली. बसलीय की नाही छान?" धाकटी कौतुकाने म्हणाली. तिने पातेल्यात पाणी ओतलं आणि लायटर उचलला.

"शेगडी पेटवू नकोस."

धाकटीचा हात थांबला. "आता चहातपण खोट?"

"इंजिनाच्या खणात पेट्रोल गळतंय असं मला वाटतंय."

"वाटतंय."

"हो. वाटतंय."

"पोस्टमनकाकांना वाटलं नाही. ह्यांना वाटलं नाही. तुला वाटतंय." धाकटीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "ताई, घर घेतलं तेव्हा तू दारातून आत आलीस आणि पहिली ओल बघितलीस."

"ओल होती."

"होती गं. मी कुठे नाही म्हणते? पण ती बघून तुला बरं वाटलं होतं."

बरं वाटलं होतं, हे थोरलीला ठाऊक होतं.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, होऊ दे ना चहा. सुट्टीच्या दिवशी तरी यादी घरी ठेव." धाकटीचा नवरा दारात डोकावला. "ताई, स्टिकर आहे आपल्याला," तो हसून म्हणाला, आणि काचेकडे बोट केलं.

लायटर धाकटीच्या हातात होता. एका झटक्यात हिसकावता आला असता. पण मग ते दोघी बहिणींचं भांडण झालं असतं, पन्नासावं की शंभरावं, आणि ताई नेहमीसारखीच वागली म्हणून धाकटीने खणातून दुसरा लायटर काढला असता. इंजिनाच्या खणाचं झाकण उचलता आलं असतं. पण बोलावल्याशिवाय हात घालायचा नाही. नियम तपासणीचा होता आणि ही तपासणी नव्हती, तरी हात पुढे होईना. थोरली बाकावर बसली.

"मला तुझा हेवा वाटतो," ती म्हणाली.

दारातलं डोकं मागे झालं. धाकटी बघतच राहिली.

"ह्या बोटीचा वाटतो. शेगडीचा वाटतो. मघाशी तू पाठमोरी होतीस तेव्हा मी तुझी उशी उलटी करून बघितली, टाका चुकलाय का म्हणून. चुकलेला नाही. तुला स्टिकर मिळाल्याचं कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणाले."

"मला खरंच वाटलं होतं," बाहेरून नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. हे बघ, माझ्या पोटात दुखतंय, ते तुझं म्हणणं खरं. तुला पाहिजे तर मी ते धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगेन. पण खाली पेट्रोल आहे हेही मला खरं वाटतंय. दोन्ही एकदम खरं असू शकतं. मी हात लावणार नाही. तुझी बोट आहे. तू सांगितलंस तर बघेन. नाही सांगितलंस तरी चालेल, फक्त तेवढा लायटर खाली ठेव."

पातेल्यातलं पाणी बोटीबरोबर हळूहळू डुलत होतं. धाकटी थोरलीच्या तोंडाकडे बघत होती, आणि थोरलीला ठाऊक होतं ती काय शोधतेय. तो उजळलेला चेहरा. तो तिथे नव्हता. तिथे नुसता घाम होता.

धाकटीने लायटर स्वतःच्या खिशात ठेवला. पातेल्यातलं पाणी बाहेर तळ्यात ओतलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते झाकण उचला. ताई, बघ तू. मी सांगतेय."

झाकण उचलल्याबरोबर लिंबू कुठल्या कुठे गेलं. खणाच्या तळाशी चार बोटं पाणी साठलं होतं आणि त्यावर जांभळा, हिरवा, सोनेरी तवंग, बघायला सुंदर. वरच्या पेट्रोलच्या नळीची पकड सैल झाली होती आणि तिथून थेंब सुटत होता. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. धाकटीच्या नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. थोरलीने त्याला टाकीची तोटी बंद करायला लावली, जाळीतली उशी ओढून काढली आणि सगळ्यांना पुढे उघड्यावर बसवलं. इंजिन सुरू करायचं नाही, कशाचंही बटण दाबायचं नाही. जॅकेटं घाला. धाकटीच्या नवऱ्याने पुढच्या टोकावरून पोस्टमनला फोन केला. पोस्टमन म्हणाला, आलोच, ओढून नेतो.

वाट बघत दोघी बहिणी नारिंगी जॅकेटं घालून शेजारी शेजारी बसल्या. धाकटीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मी आज सकाळी पण पेटवणार होते," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी. एकटीच होते. मग म्हटलं, ताई आल्यावर तिच्यासमोरच पेटवू. तिला दिसू दे शेगडी."

थोरलीने तिच्या जॅकेटचा सुटलेला पट्टा आवळला.

"ताई, टाका खरंच नव्हता चुकला?"

"नव्हता."

"एका उशीचा चुकलाय. ती मी तुला सापडणार नाही अशी ठेवलीय."

"कुठली?"

"सांगणार नाही."

पोस्टमन आला, त्याने दोर टाकला, आणि पांढरी देखणी बोट त्याच्या जुन्या बोटीमागून मुकाट्याने धक्क्याला लागली. रविवार असल्यामुळे धक्क्यावर बरीच मंडळी होती. दोराने ओढून आणलेली बोट बघितल्यावर कोण हलतंय तिथून? धाकटी वर चढली आणि तिच्याभोवती लगेच कोंडाळं जमलं.

"मला कधीचा संशय येत होता," धाकटी म्हणाली. "लिंबाच्या खाली काहीतरी आहे, काहीतरी आहे. म्हटलं, ताई, तू जरा बघ."

थोरली दोराची गुंडाळी करत होती. नवऱ्याने तिच्या कानाशी येऊन विचारलं, "ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मग बोल की काहीतरी."

धाकटी आता थेंब कसा सुटत होता ते बोटांनी दाखवत होती. एक थेंब. थांबणं. लोकही तिच्याबरोबर थांबले. मग दुसरा थेंब, आणि कोंडाळ्यातून सुस्कारा निघाला. ज्यांना आठ वर्षं थोरलीने जाळ्या मोकळ्या ठेवा म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, त्यांतले दोघे तिथल्या तिथे आपल्या बोटी बघायला गेले. बाकीच्यांनी पोस्टमनला गराडा घातला, काका, आमची कधी बघता, उद्या जमेल का. थोरलीने हेच सांगितलं असतं तर चार वाक्यांत संपलं असतं, कुठे, काय, किती, काय केलं. कोणी जागचं हललं नसतं. पोटात नेहमीच्या जागी कळ आली. ओळखीचीच होती.

"किती छान सांगते बघा ना," ती नवऱ्याला म्हणाली.

तेवढ्यात धाकटी अडली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिला शब्द सापडेना. तिने मान वळवून माणसांच्या डोक्यांवरून थोरलीला शोधलं.

"ताई, ते काय असतं गं? हवेपेक्षा जड असतं, खाली बसून राहतं, दिसत नाही?"

"पेट्रोलची वाफ," थोरली म्हणाली.

"हां, वाफ," धाकटी म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.