तीळ कोणत्या गालावर

"वहिनी, थर्मामीटरवर नजर ठेवा. पाणी अडतीस डिग्रीच्या खाली उतरू देऊ नका," रंगराव म्हणाले.

मलकापुरातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर परात होती. परातीतल्या गरम पाण्यात फिल्म धुवायच्या औषधाच्या तीन बाटल्या आणि एक काळा डबा. डब्यात आमच्या ह्यांच्या, महादेवरावांच्या, कॅमेऱ्यातला शेवटचा रोल होता. साधा नव्हे, स्लाइडचा. पूर्वी असे रोल धुवायला मुंबईला जायचे आणि फोटो पुठ्ठ्याच्या चौकटींत बसून परत यायचे. आता लॅबवाला फोनवर म्हणाला, "पंचवीस वर्षांचा जुना रोल? पाठवा, पण खात्री नाही." कुरिअरच्या हवाली करायला माझा जीव धजेना. ह्यांच्या मित्राचा, रंगरावांचा, फोटो स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, पण हात विसरले नव्हते. त्यांनी औषधं मागवून घेतली.

"साऱ्या अळ्याच निंघतीन," त्यांची बायको पुष्पाबाई दारातून म्हणाली. "माह्या परातीत बोंडअळी शिजवून राह्यले!"

खोटं नव्हतं ते. महादेवराव कृषी खात्यात होते. प्रोजेक्टर घेऊन उंद्री, डोणगाव अशा गावांतून फिरायचे आणि शाळेच्या भिंतीवर अळी बैलाएवढी करून दाखवायचे. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझे फोटो काढले असतील चार. त्यांचा स्वतःचा तर एकच, आमच्या घरच्या भिंतीवरचा. तेराव्याला हवा म्हणून रंगरावांनीच एका स्लाइडवरून घाईघाईने मोठा करून दिलेला. त्यात ते दाढ दुखत असल्यासारखे दिसतात. पण ह्या रोलच्या शेवटी मी एकदा बटण दाबलं होतं, आणि तेव्हा ते हसत होते. ते हसणं मला एकदा पाहायचं होतं.

दुपारी फिल्म दोरीवर लटकली. सगळे रंग जांभळट झाले होते. पस्तीस अळ्या, आणि शेवटी ते. हसणारे. रंगरावांनी तेवढा तुकडा कापून चौकटीत बसवला आणि खिडकीपुढे धरला. मी पाहिलं आणि गोंधळले.

"भाऊजी, हे उलटं बसवलं तुम्ही."

"काऊन?"

"तीळ उजव्या गालावर दिसून राह्यला. यांचा डाव्या गालावर होता."

रंगरावांनी चौकट फिरवून पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. "सुलटंच हाये, वहिनी. हा खिसा पाहा. सदऱ्याचा खिसा डाव्या अंगालेच असते ना?"

खिसा डावीकडेच होता. खिशाला पेनही.

"मंग घरचा फोटो?"

ते खाली बसले. "स्लाइडवरून आधी निगेटिव्ह बनवा लागे. घाईत पालथी धरली असन मी. नुसता चेहराच घेतला होता, खिसा नव्हता त्यात. कोनालेच समजलं नाही."

"पन वहिनीले तं समजाले पाह्यजे होतं," पुष्पाबाई म्हणाली.

"चूप वो तू!"

मी डोळे मिटले. ते दाढी करताना, जेवताना, तापात पडलेले असताना आठवून पाहिले. जिथे पाहावं तिथे तीळ डाव्याच गालावर. खरा गाल कधीतरी मला ठाऊक असणारच. मग तो ह्या गालावरून त्या गालावर केव्हा गेला? मी रोज सकाळी फोटोची काच पुसते, तेव्हा? आणि तीळ जर असा गेला, तर बाकीचं जे मला आठवतं ते तरी कोणाचं?

"मी नवीन करून देतो, वहिनी. बरोबर करून देतो."

"आधी मोठं करून दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी दारं लावली, खिडकीवर चादर टाकली आणि माळ्यावरचा प्रोजेक्टर काढला. फ्रिजशेजारच्या भिंतीवर महादेवराव दाराएवढे उमटले. मी जवळ गेले. माझीच सावली त्यांच्या अर्ध्या तोंडावर पडली.

"बाजूले सरका थोड्या, वहिनी. उजेड अडून राह्यला."

मी सरकले. आधी इकडे, मग तिकडे. चारचौघांत मी नेहमी त्यांच्या कोणत्या अंगाला उभी राहायची, ते काही केल्या आठवेना. शेवटी पदर सावरला आणि त्यांच्या उजव्या गालाशी, भिंतीला पाठ टेकून, उजेडाकडे तोंड करून उभी राहिले.