पिवळा रंग दिसेपर्यंत

सावनीला खाज सुटली तेव्हा तिला पाचवा महिना सरत आला होता. आधी तळहात, मग तळपाय, मग सगळं अंग. घराजवळच्या, वेलाचेरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणात होतं असं, आणि त्यांनी लोशन लिहून दिलं. तीन आठवडे ती ओला टॉवेल अंगावर घेऊन पंख्याखाली पडून राहिली. झोप अशी लागलीच नाही. मग डोळे पिवळे झाले, उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या आणि एका दुपारी हुडहुडी भरून ताप आला. सोनोग्राफीत कळलं, पित्ताशयातले खडे निसटून पित्तनळीत अडकले होते.

पहिल्या हॉस्पिटलात सांगितलं, तोंडातून दुर्बीण घालून काढता येतील, मात्र एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत. पोटावर शिशाचं आवरण घालू, बाळाला धोका अगदी थोडा.

"थोडा म्हणजे किती?" सावनीनं विचारलं. "अगदी थोडा," पुन्हा तेच उत्तर आलं. याआधी तिची दोन बाळं गेली होती, एक तिसऱ्या महिन्यात, एक चौथ्या. तेव्हाही सगळे थोडं थोडं म्हणत होते. स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या कागदावर तिनं सही केली आणि ती तिथून निघाली. तिचा नवरा संजीव श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात इंजिनियर होता. त्यानं वाद घातला नाही. आठवडाभरात तोही इतका थकला होता की कोणी काही ठरवून दिलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला नुंगंबाक्कमच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर श्रीहरींकडे घेऊन आला.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले आणि चष्मा काढून डोळे चोळले. त्या दिवशीचा हा त्यांचा सातवा पेशंट होता.

"एक्स-रेशिवाय करता येईल," ते इंग्रजीत म्हणाले. "मी चार वेळा केलंय. पण नळीत आत काय आहे ते मला दिसणार नाही. सगळे खडे निघाले, अशी खात्री मी देऊ शकणार नाही."

"आणि नाहीच केलं तर?" संजीवनं विचारलं.

"ताप आलाय. म्हणजे नळीत पू धरतोय. थांबलो तर दोघांनाही धोका आहे."

सावनीनं फॉर्मवर सही केली. खाली तिनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : एक्स-रे वापरायचा नाही.

एंडोस्कोपीच्या खोलीत तिला अंबुजा भेटली. अंबुजा तिथली सर्वांत जुनी नर्स, एकोणीस वर्षांची नोकरी. गुडघे दुखायचे, त्यामुळे ती भिंतीला टेकूनच उभी राही. सावनीचा केसपेपर वाचून ती मराठीत बोलू लागली. तमिळ हेल असलेलं, जुन्या वळणाचं मराठी.

"कुठली तू?"

"सांगलीची."

"आम्ही तंजावरचे. आमचं बोलणं ऐकून तुमचे लोक हसतात. न समजलं तर पुन्हा विचार."

सावनी हसली नाही. हसायला लागतं तेवढं त्राण तिच्यात नव्हतं. "सिस्टर, ते आंधळेपणानं करणार का?"

"नाही ग. आतड्यात नळीचं तोंड असतं, ते पडद्यावर स्वच्छ दिसतं. तिथून बारीक तार आत घालायची. पण त्याच तोंडात दोन नळ्या उघडतात, एक पित्ताची, एक स्वादुपिंडाची. तार कुठल्या नळीत गेली हे एक्स-रेत दिसतं. आज मी तारेवरून पोकळ नळी सरकवून पिचकारीनं ओढून बघणार. पिवळं आलं तर बरोबर. पाण्यासारखं आलं तर चुकलो, बाहेर काढायची."

"तुम्ही ओढणार?"

"मीच."

सावनीनं डोळे मिटले. तिला डाव्या कुशीवर वळवलं, पोटाखाली उशी दिली, बाळाचे ठोके ऐकून लिहून घेतले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी अगदी बेतानं औषध दिलं. ती ग्लानीत गेली, पण तिची बोटं मांडी खाजवतच राहिली.

पहिल्यांदा तार गेली. अंबुजानं पिचकारी ओढली. पाणी. डॉक्टरांनी तार काढली. दुसऱ्यांदा पाणी. तिसऱ्यांदा तार आत शिरलीच नाही. नळीचं तोंड सुजून लाल झालं. चौथ्यांदा पुन्हा पाणी. स्वादुपिंडात असं परत परत टोचलं तर तेही सुजतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. चाळीस मिनिटं झाली होती. डॉक्टर श्रीहरींच्या कपाळावरचा घाम टोपीत जिरत होता.

एक्स-रेचं मशीन टेबलाच्या पलीकडेच होतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं.

"अंबुजा, पोटावर आवरण घाल," ते तमिळमध्ये म्हणाले. "दोन सेकंद. तार कुठे आहे तेवढं बघतो. बाळाला काही होत नाही दोन सेकंदांनी, तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. पाय दुखत होते, अजून तीन पेशंट बाहेर बसले होते, आणि आवरण हाताच्या अंतरावर होतं. दोन सेकंद बघितलं असतं तर बाईला कधी कळलंही नसतं. अंबुजानं हात पुढे केला आणि थांबली.

"डॉक्टर, तिनं लिहून दिलंय," ती म्हणाली. "बघायचंच असेल तर आधी बाहेर नवऱ्याला विचारते. न विचारता मी नाही घालणार."

रागावण्याइतका उत्साह डॉक्टरांमध्येही उरला नव्हता. ते स्टुलावर बसले, मास्क खाली करून घोटभर पाणी प्याले.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "सूज थोडी उतरू दे. मग एकदाच. नाही जमलं तर तू विचारायला जा."

पाच मिनिटं अंबुजानं सावनीचा खाजवणारा हात धरून ठेवला. मग डॉक्टर उठले. या वेळी त्यांनी तार वरच्या बाजूनं, जवळजवळ उभी घातली. ती सरकली. अंबुजानं पिचकारी ओढली. क्षणभर काहीच आलं नाही. मग नळीतून गढूळ, गडद पिवळं पित्त वर चढलं, त्यात पुवाचे तंतू होते.

"मंजळ," ती पुटपुटली. पिवळं.

पुढचं काम पंधरा मिनिटांत झालं. डॉक्टरांनी नळीचं तोंड जरासं कापून मोठं केलं, फुगा आत नेला, फुगवला आणि ओढत बाहेर आणला. एक तपकिरी खडा आतड्यात पडला. मग दुसरा. तिसऱ्या फेरीत नुसती रेती आली. चौथ्या फेरीत काही नाही. तरी त्यांनी प्लॅस्टिकची छोटी नळी आत बसवून ठेवली, म्हणजे काही राहिलं असलं तरी पित्त वाहत राहील.

बाळाचे ठोके पुन्हा ऐकले. मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस, व्यवस्थित.

संध्याकाळी सावनी पूर्ण जागी झाली. "संपलं?"

"दोन निघाले," अंबुजानं सांगितलं. "पण आत नळी ठेवलीय. बाळंतपणानंतर परत यावं लागेल. तेव्हा एक्स-रे काढून नक्की बघतील."

सावनी रडू लागली. तो आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. परत यावं लागेल, एवढंच तिला ऐकू आलं होतं. खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेल्या संजीवला अंबुजानं हलवून जागं केलं आणि ती घरी जायला निघाली.

ताप दोन दिवसांत उतरला. खाज जायला आठवडा लागला. ज्या दिवशी ती थांबली, त्या दिवशी सावनी सलग अकरा तास झोपली आणि संजीवनं दोनदा जाऊन तिचा श्वास चाललाय ना हे बघितलं.

जुलैमध्ये मुलगी झाली. ऑक्टोबरात सावनी नळी काढायला आली. एक्स-रेत आणखी एक खडा दिसला, वाटाण्यापेक्षा लहान. तोही निघाला.

"म्हणजे तेव्हा राहिलाच होता," सावनी म्हणाली.

"होय, राहिला होता," अंबुजा म्हणाली.

सावनीनं मान डोलावली. शेजारच्या खाटेवर मुलगी भुकेनं रडत होती. सावनी उठायला गेली, पण भूल अजून पुरती उतरली नव्हती. अंबुजानं तिला खांद्याला धरून पुन्हा आडवं केलं, बाळ तिच्या कुशीत ठेवलं आणि पडदा ओढून घेतला.