हळदीखालची कावीळ

अकोटला शालिकराम महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज औषध देत नसत, सुई टोचत नसत. नुसता हात फिरवत. कावीळ झालेल्या लेकराला हळद लावून आणायची. तांब्यात बुडवलेला त्यांचा तळवा पोटावरून अलगद फिरला, की पिवळं पोट लालेलाल!

"पाह्यलं? रोग वर आला! हा हात माहा नोय माय, वरच्याचा हाय. मी तं नुसता वायर!"

झाला जयजयकार.

त्या गर्दीत आकांक्षा बसली होती, वीस दिवसांच्या लेकीला घेऊन. बाई मूर्तिजापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या बरं का! बाळाचे डोळे पिवळे दिसतात, अकोल्याला नेऊन रक्त तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या एवढ्याशा टाचेत सुई जाणार, हे तिला बघवेना. इथे लेक कशी गाढ झोपायची. ही तिसरी खेप. आज मात्र तिची आई, पार्बताबाई, हट्टाने सोबत आली होती.

पोट लाल झालं. आकांक्षाने हात जोडले. पार्बताबाईंनी तांब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या.

"हा तं चुना हाय! काहो महाराज, माह्या सासूनं जलमभर हळदीत चुना कालवून घरी कुकू केलं. तिले तं कोनी देव म्हटलं नाही!"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज कोपाची भीती घालत चपला शोधू लागले.

"अन् तू वं आकांक्षे? माह्याच अंगनात हळदीचे कागद वाळवत होती नं, शाळेतल्या पोराइले हेच दाखवाले?"

आकांक्षाने लेकीला आईच्या मांडीवर दिलं. पार्बताबाईंनी ओल्या पदराने बाळाचं पोट पुसलं. हळद निघाली, पिवळेपणा निघाला नाही. मांड्या पिवळ्या, तळपायही पिवळे. हळदीखाली कावीळ वाढत होती आणि ही घरी सांगत होती, उतार आहे म्हणून!

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं." मग फॉर्म भरताना नर्सने विचारलं, "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका." विषय सांगायला तिची जीभ रेटेना.

लेक वाचली. रजा संपल्यावर आकांक्षाने वर्गात हळदीच्या कागदावर चुन्याचं बोट फिरवलं.

"जादू!" पोरं ओरडली.

"जादू नाही, चुना. हे मला ठाऊक होतं, तरी मी माझी लेक त्या हातात दिली. लाज वाटते मला. नुसतं ठाऊक असून भागत नाही रे, वेळेवर विचारावं लागतं. हात कितीही मऊ असो, त्याला काय लावलंय ते विचारा. आणि लेकरू पिवळं दिसलं, तर आधी दवाखाना गाठा."