पगार हवा, पण खाकी साडी नको

मित्रांनो, नगरच्या एका घरात खिडकीजवळच्या लाकडी मेजावर मी बरीच वर्षे काढली. मी टाइपरायटर आहे, जुना आणि वजनदार. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे. माझी कोणतीही कळ दाबा, आवाज होतोच; गुपचूप काम करणे मला कधी जमले नाही. म्हणूनच बोलताना माझा आवाज चढला, तर समजून घ्या.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. भिंगार कॅम्पातल्या एका कचेरीत मी काही वर्षे राबलो. तिथे नवी यंत्रे आली तेव्हा माझा लिलाव झाला आणि शामकांतराव मला घेऊन आले. त्यांना घरी सगळे नाना म्हणत. कोर्टाच्या फाटकाबाहेर पेटीवर मला ठेवून ते लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करून देत. दसऱ्याला मला हळदकुंकू वाहत आणि रोज मऊ फडक्याने पुसत. ते दिवस सुखाचे होते.

पुढे संधिवाताने नानांची बोटे आखडली. मग ते लोकांचे कच्चे अर्ज घरी आणू लागले आणि त्यांची थोरली मुलगी प्रेमला ते टाइप करू लागली. ती मॅट्रिक झालेली होती. तिची बोटे माझ्यावर अशी चालत की मला माझ्या वयाचा विसर पडे. नाना ते कागद कोर्टात नेत. वकील म्हणत, "नाना, या वयातही तुमचा हात काय सफाईदार आहे." नाना हसत आणि घरी येऊन ते कौतुक सगळ्यांना सांगत, प्रेमलासमोरच. हात कुणाचा आहे हे वकिलांना सांगावे असे त्यांना कधी वाटले नाही. माझ्या रागाची सुरुवात तिथून झाली.

मग मोठे युद्ध आले. कागद मिळेना, शाईची फीत मिळेना, अर्जही कमी झाले. प्रेमलाचा भाऊ नृसिंह पुण्यात कॉलेजात शिकत होता आणि त्याचा खर्च थांबत नव्हता. अशात प्रेमलाने वर्तमानपत्रात वाचले की लष्कराच्या महिला सहायक दलात टाइप करणाऱ्या मुली हव्या आहेत. नियमित पगार, जेवण, राहायला जागा, औषधपाणी आणि वर्षाची रजा. तिने ते घरात सगळ्यांना वाचून दाखवले.

त्या दिवशी माझ्यासमोर तिचा हिशेब मांडला गेला. नाना म्हणाले की पगाराने घर सावरेल, पण लष्करात राहिलेल्या मुलीला कोण करून घेणार. आईने एवढेच विचारले, की परमुलखात आजारी पडलीस तर उशाशी कोण बसेल. नृसिंह सुट्टीत घरी आला होता. अंगात खादी होती. तो म्हणाला, "ताई, ज्या इंग्रजांनी आपले पुढारी याच गावच्या किल्ल्यात डांबलेत, त्यांचा पैसा या घरात येता कामा नये."

हे बोलणे प्रेमलालाही टोचत होते. किल्ल्याच्या रस्त्याने जाताना तिची मान खाली जाई, असे ती आईला म्हणाली होती. तिने आपला विचार बाजूला ठेवला. पण कॉलेजची फी भरायची वेळ आली आणि नृसिंहाचे पत्र आले. नानांनी ते मोठ्याने वाचले. परिस्थिती पाहता ताईने काही काळ नोकरी धरायला हरकत नाही, असे त्यात होते. मित्रांनो, त्या पत्राने मी संतापलो. तत्त्व होते तर फीच्या दिवशी कुठे गेले?

आमच्याकडे भांडी घासायला रंगुबाई येत. त्यांचा मुलगा भिमाजी आधीच पलटणीत गेला होता. प्रेमलाने त्यांना विचारले, तेव्हा हातातली राख तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "पैसा येतो, त्यात खोटं न्हाई. घरात दोन टायमाला चूल पेटती. पन दारात पोष्टमन दिसला की मी आधी देवाला हात जोडती. ह्ये दोन्ही धरून इचार करा, ताई. एकच धरू नका."

प्रेमलाने दोन दिवस विचार केला आणि मग नानांना सांगितले, "मी जाते. घराला पैसे हवेत म्हणून जाते, हे खरं आहे. पण माझं काम माझ्या नावानं व्हावं, म्हणूनही जाते." नानांनी पहिले वाक्य ऐकले. दुसरे ऐकले असेल असे मला वाटत नाही.

तिची नेमणूक जबलपूरला झाली. दर महिन्याला मनीऑर्डर येऊ लागली. घराचे छप्पर शाकारले गेले, नृसिंहाची फी भरली गेली. आणि शेजाऱ्यांनी विचारले की नाना सांगत, "प्रेमला इंदूरच्या शाळेत शिकवते." मी मेजावर धूळ खात ते ऐकत होतो. मला तोंड असते, तर मी तिथेच ओरडलो असतो.

ती रजेवर येण्याआधी नानांनी तिला कळवले की गणवेशात घरी येऊ नकोस. तिने स्टेशनवरच खाकी साडी बदलली आणि आमच्या ओळखीच्या दाऊदच्या टांग्यात बसून घरी आली. आईला हे सांगताना ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. तिकडे मात्र तिच्या हाताखाली आठ मुली होत्या. ती सायकल चालवायला शिकली होती. एकदा तापाने फणफणली, तेव्हा मुमताज नावाची मैत्रीण रात्रभर तिच्या उशाशी बसली होती. हे ऐकून आई कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

युद्ध संपले. दल मोडले आणि प्रेमला घरी आली. नृसिंह आता पदवीधर झाला होता, चांगल्या नोकरीत होता. रेशनच्या कचेरीत टंकलेखक हवा होता, म्हणून प्रेमला तिथे गेली. तिथला कारकून म्हणाला, की या जागा लढाईवरून परत आलेल्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. तिने आपला लष्करी नोकरीचा दाखला पुढे ठेवला आणि म्हणाली, "मीही परत आलेलीच आहे." तो हसला. शेजारच्यालाही बोलावून त्याने तो दाखला दाखवला आणि दोघे हसले.

घरी येऊन तिने हे सांगितले, तेव्हा नृसिंह म्हणाला, "जाऊ दे ना, ताई. उद्या तुला बघायला पाहुणे यायचेत. त्यांच्यासमोर तो विषय काढू नकोस."

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी विचारले, की मुलगी इंदूरला कोणत्या शाळेत होती. नानांनी तोंड उघडायच्या आत प्रेमला म्हणाली, "मी शाळेत नव्हते. लष्कराच्या कचेरीत होते. या घराचं छप्पर आणि माझ्या भावाचं शिक्षण त्या पगारातून झालं. त्यात लपवण्यासारखं काही नाही." पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले आणि ते उठून गेले. नृसिंह खूप बोलला. घराण्याची अब्रू गेली म्हणाला. प्रेमला मेजाशी आली. तिने माझ्यावरचे फडके काढले, कळा पुसल्या, सांध्यांत तेल सोडले आणि स्वतःच्या नावाने अर्ज टाइप केला. इतक्या वर्षांत तिचे नाव माझ्यातून प्रथमच उमटले.

देवळाली प्रवरेकडच्या एका साखर कारखान्याला टंकलेखक हवा होता. तिथल्या साहेबांनी विचारले, की एकटीने कारखान्याच्या वसाहतीत राहता येईल का. लष्करात राहिले आहे, असे तिने सांगितले आणि जागा तिला मिळाली. निघताना तिने मला सोबत घेतले. नाना दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "आता लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा, नाना," ती म्हणाली आणि टांग्यात बसली.

मित्रांनो, कारखान्यातही मी बरीच वर्षे काम केले. आता माझ्या फिती मिळत नाहीत. मला पुसून ठेवा, गंज चढू देऊ नका, एवढे माझ्यासाठी करा. आणि तुमच्या घरात कुणाच्या कष्टावर चूल पेटत असेल, तर चारचौघांत त्या माणसाचे नाव घ्या. त्याच्या कामाचेही नाव घ्या, मोठ्याने घ्या. पैसे ठेवून घ्यायचे आणि माणूस लपवायचा, याचा मला आजही संताप येतो.