घोडेबाजारातला चिखल

मित्रांनो, जरा जवळ या. मी एक म्हातारी राखी घोडी आहे. माझे गुडघे सुजले आहेत, खालचा ओठ लोंबतो आणि कुठे टाळी वाजली की आजही माझ्या अंगाला कापरे भरते. माणसे आनंदानेही टाळ्या वाजवतात हे मला ठाऊक आहे. पण मी टाळी पहिल्यांदा ऐकली ती घोडेबाजारात.

माझा जन्म आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, दगडी गडग्यांनी वेढलेल्या एका माळावर झाला. सहा महिन्यांची असताना आईच्या मागोमाग मी ऑगस्टच्या बाजारात आले. रस्ता घोड्यांनी भरून गेला होता. तंबूंमधून उकडलेल्या मांसाचा वास येत होता, कुणी बासरी वाजवत होते, कुणी काठीने जनावरांच्या फऱ्यांवर टोचत होते. मी आईच्या पोटाला चिकटून उभी होते.

आईसमोर दोन माणसे भाव करत होती. मालक पाठ फिरवून निघाला की दलाल त्याला बाहीला धरून परत आणी. शेवटी घेणारा तळहातावर थुंकला आणि त्याने मालकाच्या तळहातावर जोरात टाळी दिली. मग खाली वाकून बोटभर चिखल उचलला आणि आईच्या पुठ्ठ्यावर फासला. आई विकली गेल्याची ती खूण होती. तिला डोंगराकडे नेले. मला बार्टली मॅनियन नावाच्या शेतकऱ्याने घेतले आणि समुद्राकडे आणले. वाटभर मी ओरडत होते. आई मला पुन्हा कधीच दिसली नाही.

बार्टली आणि त्याची बायको डीलिया ही माणसे चांगली होती. त्यांनी माझे नाव पेग ठेवले. वीस वर्षे मी त्यांच्या चुलीसाठी दलदलीतून पीट, म्हणजे जळणाची वाळकी माती, वाहिले आणि शेताच्या खतासाठी किनाऱ्यावरून समुद्री शेवाळ. एकदा भरतीच्या वेळी गाडीचे चाक वाळूत रुतले आणि बार्टलीचा पाय त्याखाली सापडला. पाणी माझ्या पोटापर्यंत चढले. मला पळून जावेसे वाटत होते. पण बार्टली हळू आवाजात माझे नाव घेत राहिला आणि मी ओढत राहिले. चाक निघाले. त्या संध्याकाळी डीलियाने मला काळ्या बिअरमध्ये भिजवलेला पाव भरवला आणि गावातली माणसे माझी मान थोपटायला आली.

पुढे बार्टली वारला. त्याचा पुतण्या मॅलकी शेत बघू लागला आणि अंगणात ट्रॅक्टर आला. माझे खूर कापायचे राहू लागले, पाण्याची बादली कधी रिकामीच असे. मॅलकी दुष्ट नव्हता. त्याला माझी आठवण राहत नसे, एवढेच.

एका ऑगस्टमध्ये डीलिया चर्चला गेली असताना त्याने माझ्या तोंडाला म्होरकी अडकवली. कोणत्या वाटेला लागलो ते मी वासावरूनच ओळखले.

बाजाराच्या टोकाला एक लांब कोटवाला माणूस उभा होता. त्याच्याजवळ लंगडे, हाडे निघालेले घोडे एका दोराला बांधलेले होते. फेस्टी नावाच्या म्हाताऱ्या दलालाने मला पुढे ओढले. कोटवाल्याने माझा जबडा उघडला.

"वय काय हिचं?"

"चौदा," मॅलकी म्हणाला.

"चौदा तर हिच्या लेकीचं असेल." तो हसला. "असू दे. मला कुठं हिला गाडीला जुंपायचंय? बोटीत चढेपर्यंत पायावर उभी राहिली म्हणजे झालं. पलीकडं उतरली की खाटीकच बघेल."

मॅलकीने मान खाली घातली. फेस्टीने दोघांचे हात धरले आणि टाळी वाजली. नोटा मॅलकीच्या हातात आल्या. कोटवाला वाकला आणि तो थंडगार चिखल माझ्या पुठ्ठ्यावर लागला.

तेवढ्यात, घरी माझी जागा रिकामी पाहून निघालेली डीलिया गर्दीतून आली. चर्चचा काळा कोट, हातात काठी, श्वास फुललेला.

"मॅलकी, कुठं चालवलीस तिला?"

"काकू, सौदा झालाय. टाळी पडली, चिखल लागला. तशीही ती या हिवाळ्यात टिकायची नाही."

"ते तिचं ती बघेल. शकुनाचं नाणं दिलंस का?"

आमच्याकडे विकणारा मिळालेल्या पैशांतले एक नाणे घेणाऱ्याला परत देतो. ते दिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही.

"दे की लेका," कोटवाला घाईने म्हणाला. "एका नाण्यासाठी काय अडलंय?"

मॅलकीचा हात खिशात गेला. नाणे खुळखुळले. मी डोळे मिटले.

"दे," डीलिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण माझ्याकडं बघून दे. तुझ्या काकाला पाण्यातनं कुणी ओढलं ते आठव, आणि मग दे."

मॅलकीचा हात खिशातून बाहेर आला. रिकामा.

"नाणं पडलं नाही, सौदा झाला नाही," फेस्टी कोटवाल्याला म्हणाला. मग कुरकुरला, "माझी दलाली मात्र बुडाली, बाई."

मॅलकीने नोटा परत केल्या. डीलियाने डोक्याचा रुमाल सोडून माझा चिखल पुसला.

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण निघताना मी मागे पाहिले. दोराला शेवटी एक तपकिरी घोडा उभा होता. जुवामुळे त्याच्या मानेचे केस झिजून गेले होते आणि पुठ्ठ्यावर चिखल वाळला होता. आपले कुणी आले का, म्हणून तो येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे कान टवकारत होता. आम्ही वळण घेईपर्यंत त्याचे कान तसेच होते. त्याच्यासाठी कुणी आले नाही.

ज्याने तुमचे ओझे वाहिले, ते जनावर म्हातारे झाले तर त्याला पाणी द्या, सावली द्या, त्याचे खूर पाहा. ते फार काही मागत नाही. आणि कधी एखाद्या बाजारात असे कान टवकारलेले दिसले, तर मान फिरवून पुढे जाऊ नका.