रिकाम्या मजल्यावरचा दिवा

बेळगावात घर बांधणं एकवेळ सोपं, पण घराचा वरचा मजला भाड्यानं देणं महाकठीण! भाडेकरू मिळत नाहीत असं नाही. ढिगानं मिळतात. मनासारखा मिळत नाही, एवढीच अडचण. आता 'मनासारखा' म्हणजे नेमका कसा, हे कुठलाच घरमालक पाटीवर लिहीत नाही. पाटीवर मराठीत आणि कानडीत 'घर भाड्याने देणे आहे' एवढंच असतं आणि खाली मोबाईल नंबर.

मष्णूअण्णांच्या गेटवर अशी पाटी दिवाळीनंतर लागली. अण्णा पाटबंधारे खात्यातून, म्हणजे इथल्या बोलीत 'नीरावरी'तून, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घर होतं तिथं पूर्वी त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. शहर चालत चालत शेताच्या बांधापर्यंत आलं आणि बांध ओलांडून पुढंही गेलं. त्यामुळं या वाढत्या शहराविषयी अण्णांचं मत फार चांगलं होतं.

रोज सकाळी कॉलनीच्या बागेत निवृत्त मंडळी जमत आणि तोच वाद नव्यानं रंगे. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष मारुतीराव मास्तर शहरावर कायम चिडलेले.

"पूर्वी या गावात पंखा लागत न्हवता! उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपायचो आमी. आता झाडं गेली, थंडी गेली, आणि रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरायचा!"

"मास्तर, तुमी नुसतं गेलेलंच मोजताय," अण्णा म्हणत. "दवाखाने आले, कॉलेजं आली. पोरं विमानानं जात्यात-येत्यात. आणि सगळ्यात मोठं म्हंजे, हितं कोण कुणाला जात इचारत न्हाय!"

हे शेवटचं वाक्य अण्णा उभं राहून म्हणत. शेजारी बसलेले भीमसेन बोरगावकर त्यावर किंचित हसत आणि बुटाची नाडी बांधायला वाकत.

भीमसेन हे अण्णांचे तीस वर्षांचे मित्र. एका ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर दोघांनी नोकरी केली. एका डब्यात जेवले. भीमसेनांच्या घरच्या सुक्या मटणावर अण्णांचा हात असा चाले की भीमसेनांना स्वतःसाठी बाजूला काढून ठेवावं लागे. निवृत्तही दोघं एकाच दिवशी झाले, आणि ऑफिसनं दोघांना निळ्या चौकड्यांचं एकसारखं शर्टपीस दिलं. भीमसेन त्यांना 'अण्णा, तुमी' म्हणत आणि अण्णा त्यांना 'भीमा, तू'. वयानं दोघं सारखेच. पण यात काही वावगं आहे, असं दोघांपैकी निदान एकाला तरी कधी वाटलं नव्हतं.

पाटी लागून चार दिवस झाले आणि भीमसेन संध्याकाळी अण्णांकडं आले. अण्णांच्या पत्नी यशोदाबाईंनी चहा ठेवला.

"अण्णा, एक काम हुतं," भीमसेन म्हणाले. "आमचा समाधान निपाणीचं कॉलेज सोडून हितल्या कॉलेजात लागला. पुण्यासनंबी बोलावणं हुतं त्येला, पण म्हणाला, न्हाय, आपल्या गावातच ऱ्हायचं. सूनबाईला सातवा महिना हाय. आमच्या दोन खोल्यांत कसं भागायचं? तुमचा वरचा मजला दिलासा तर पोरगा डोळ्यासमोर ऱ्हाईल."

अण्णांची नजर जिन्याकडं गेली. समाधानला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. त्याच्या लग्नात ते पंगतीत वाढायला होते. पण डोळ्यांसमोर आली ती गावची यात्रा. वीस वर्षांनी येणारी लक्ष्मीची यात्रा पुढच्या वैशाखात होती. सारी भावकी, सारे पाहुणे घरी जेवायला येणार. जिना चढणार, वर डोकावणार, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघणार, आणि मग...

"आरं भीमा!" अण्णा घाईनं म्हणाले. "काल आला असतास तर! आजच दिला बघ. हिच्या माहेरचा एक पोरगा हाय, संकेश्वरचा."

यशोदाबाई कप घेऊन दारात थबकल्या. त्यांच्या माहेरी असा कुठलाही पोरगा नव्हता.

"असू दे, असू दे," भीमसेन म्हणाले. "दुसरीकडं बघू की." चहा पिऊन ते गेले.

"द्यायचा हुता की वो," यशोदाबाई म्हणाल्या. "भीमसेन भावोजींचा पोरगा म्हंजे आपला पोरगा."

"तुला काय कळतंय? मला कायबी न्हाय गं. मी मानतच न्हाय असलं काय! पर भावकी काय म्हणंल?"

झालं! पाटी निघाली. पण भीमसेनांची संध्याकाळची फेरी याच रस्त्यानं असायची. वरचा मजला अंधारात दिसला तर? म्हणून अण्णा दिवेलागणीला जिना चढून वरच्या हॉलमधला दिवा लावू लागले. नसलेल्या भाडेकरूसाठी दिवा लावणारा घरमालक अख्ख्या जिल्ह्यात हा एकटाच असावा! मग वाटलं, माणूस राहतो म्हणजे कपडेही वाळत पडायला हवेत. अण्णांनी आपलाच एक टॉवेल, दोन बनियन आणि एक शर्ट वरच्या दोरीवर टाकला. एका खोट्याची बडदास्त ठेवता ठेवता बिचाऱ्यांचे गुडघे दुखायला लागले.

आणि का कोण जाणे, भीमसेन बागेत यायचे बंद झाले. अण्णांनी फोन केला, तर म्हणाले, "घर बघत हिंडालोय समाधानसंगट. सवड न्हाय." पुढं कळलं की घर काही मिळालं नाही आणि समाधानची बायको सुविधा बाळंतपणासाठी लवकरच माहेरी गेली.

त्याच सुमारास अण्णांचा चुलतभाऊ भावकू यात्रेच्या वर्गणीचं बोलायला आला. जिन्याकडं बघत म्हणाला, "वर कोण ऱ्हातंय रं?"

"कोण न्हाय. भीमाचा पोरगा मागालता. पर म्हटलं, यात्रेला सगळे येणार, तुमी काय म्हणशिला..."

भावकू बघतच राहिला. "आमी? आमी काय म्हणणार? माझ्या खालच्या घरात दोन वर्षं झाली, हरिजनवाड्यातली मास्तरीन हाय. पोरांस्नी गणित शिकवती. तुला कुणी इचारलंतं?"

कुणीच विचारलं नव्हतं! अण्णांनी ज्या भावकीला भिऊन मित्राला दारातून परत पाठवलं, ती भावकी त्यांच्याच डोक्यात बसलेली होती. तरीही अण्णा लगेच उठून भीमसेनांकडं गेले नाहीत. उद्या जाऊ म्हणाले. मग परवा. खोटं बोललो होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? असे पंधरा दिवस गेले, आणि याच पंधरा दिवसांनी घात केला.

संघानं एका रविवारी चर्चा ठेवली : 'वाढतं बेळगाव : आपल्याला काय वाटतं?' मारुतीराव मास्तरांनी कचरा, वाहतूक, पाणी सगळं काढलं. कुणी म्हणालं, मुलं परत यायला तयार नाहीत. कुणी म्हणालं, काही असो, म्हातारपणाला याच्यासारखं गाव नाही. मग अण्णा उठले. सवयीनं बोलत गेले आणि सवयीनंच शेवटी आले त्या वाक्यावर. "हितं कोण कुणाला जात इचारत न्हाय!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून भीमसेन उठले. ते आलेत हे अण्णांना ठाऊकच नव्हतं.

"अण्णा बोलले ते खरं हाय," भीमसेन शांतपणे म्हणाले. "जात कोण इचारत न्हाय. आमचं आडनाव बोरगावकर. गावावरनं पडलेलं. त्यामुळं लोकांस्नी अंदाज लागत न्हाय. मग इचारत्यात, बोरगावात गल्ली कुठली? तुमची यात्रा कवा असती? घरात देव कुठला? पोरगं कॉलेजात प्राध्यापक, सून नर्स. आमी दोन महिन्यांत एकोणीस घरं बघितली. एकानंबी जात इचारली न्हाय. सगळी म्हणाली, कालच दिलं वो!"

भीमसेन पुढं बोलले.

"त्यातलं एक घर माझ्या लई जवळच्या माणसाचं. येता-जाता बघायचो, वर दिवा असायचा. बरं वाटायचं, कुणाचा तर संसार चाललाय. एक दिस दोरीवर शर्ट दिसला. निळ्या चौकड्यांचा. तसला शर्ट माझ्याबी कपाटात हाय. तवापास्नं त्या रस्त्यानं जायचं सोडलं. राग न्हाय मला. गावात माझ्या बाला लोक तोंडावर म्हणायचे, लांब हो. त्यो भांडायचा तरी. आमी कुणासंगट भांडायचं? समोरचा तर चहा पाजतोय! शहर वाईट हाय असं मी म्हणणार न्हाय. ह्या शहरानं मला नोकरी दिली, पोराला शिकवलं. पर शहर चांगलं हाय असं म्हणायचा हक्क ज्यानं-त्यानं आपल्या दारात मिळवायचा असतोय. एवढंच."

बाकीच्यांना शर्टाची गोष्ट उमगली नाही. अण्णांना उमगली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वरच्या मजल्याची किल्ली घेऊन भीमसेनांच्या घरी गेले. दारात टेम्पो उभा होता. समाधान दोरीनं कपाट आवळत होता. तो नेहमीसारखाच वाकून पाया पडला, आणि त्या पाया पडण्यानं अण्णांना आणखीच मेल्यासारखं झालं.

"पुण्यासनं परत बोलावलं काका. या येळला हो म्हणालो."

अण्णांनी भीमसेनांचा हात धरून त्यात किल्ली ठेवली. "भीमा, चुकलो रं मी! खोटं बोललो. भावकीचं निमित्त केलं, पर भ्यालेला मीच हुतो. जाऊ नगंस. आजच सामान वर चढवू. मी सोता चढवतो!"

भीमसेनांनी किल्ली बघितली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दोन महिन्यांमागं दिली असतीसा तर नाचत आलो असतो, अण्णा. आता पोराचं मन उडालंय. नातवंड तिकडंच वाढंल, मग आमी हितं कुणासाठी ऱ्हायचं?" त्यांनी किल्ली परत अण्णांच्या मुठीत दिली आणि ती मूठ आपल्या हातांनी मिटली. "दुसरं कोण तर येईलच घर मागायला. त्येला गल्ली इचारू नगासा."

टेम्पो गेला. अण्णा किती तरी वेळ त्या मोकळ्या दारात उभे होते.

महिन्याभरानं त्यांनी हिय्या करून पुण्याला फोन लावला. नात झाली होती. अण्णांना भरून आलं. "आणि घर कसं हाय रं?"

भीमसेन म्हणाले, "पाव्हण्यांच्यात उतरलोय अण्णा. घर बघालोय अजून."

संघाच्या पुढच्या बैठकीत अण्णा आपणहून उठले आणि निळ्या शर्टाचा मालक कोण, ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. टाळ्या पडल्या नाहीत. मारुतीराव मास्तर मान खाली घालून बसले होते. त्यांच्या घराचा मागचा भागही दोन महिन्यांपूर्वी 'कालच' दिला गेला होता. घरी येऊन अण्णांनी नवी पाटी लिहिली, आणि पहिल्यांदा जो मुलगा आला, त्याला फक्त सामान कधी आणणार एवढंच विचारलं.

पण नागरिकहो, त्यानं भीमसेन परत आले नाहीत. उशिरा आलेलं शहाणपण पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतं, गेलेल्या माणसाच्या नाही. आपलं शहर चांगलं की वाईट, यावर आपण रोज तावातावानं बोलतो. रस्ते, कचरा, पाणी, सगळ्यांचा हिशेब मागतो. मागायलाच हवा! पण ज्याला आपण हसत हसत चहा पाजून परत पाठवलं, त्याचं मत कधी घेतो का? जातीला रस्त्यावरून हाकलून आपण तिला आपल्याच वरच्या मजल्यावर फुकट ठेवून घेतलं आहे. तिला तिथून आपणच बाहेर काढायचं आहे, आणि ते आजच, माणसं गाव सोडून जायच्या आत!